ताटं आधी वाजली, मग पडली

ती. मोठ्या मावशीला,

तुझ्या पायांना माझा नमस्कार, पण दुरूनच, कारण जवळ आलं की तू आशीर्वाद द्यायच्या आधी कान धरतेस. गुडघे कसे आहेत? इतकी वर्षं तू आमच्याकडे येत नाहीस त्याचं कारण म्हणून तुझे गुडघेच सांगितले जातात, त्यामुळे मला ते घरातल्या माणसासारखे वाटायला लागलेत. (त्याच गुडघ्यांनी तू रोज सकाळी तळ्याला चक्कर मारतेस, असं तुझ्या लेकाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या तोंडून निसटलं. मी ते फक्त लक्षात ठेवलं.) काकांचा खोकला बरा असेल. आम्ही इकडे सगळे ठीक. बाबांनी केसांना कलप लावायला सुरुवात केलीय. का, ते सांगत नाहीत. मी चौकशी करतोय.

आता तुझ्या मनात काय आलं ते मीच सांगतो. हा फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे. आहेच. पण फोन केला तर आमचा नंबर बघून काका उचलतात आणि तू अंघोळीला गेलीयस म्हणून सांगतात. मावशी, माणूस इतकं न्हात नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाठवला तर तू उघडणार नाहीस, कारण मागे मी भावोजींच्या भाषणावर शेळीचा आवाज बसवून सगळ्यांना पाठवला होता, तेव्हापासून मी पाठवलेलं काहीही लोक मेलेला उंदीर उचलल्यासारखं दोन बोटांत धरून उघडतात. (आवाज मात्र ओठांवर इतका चपखल बसला होता, की भावोजींच्या आईंनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, घसा बसलाय वाटतं पोराचा.) म्हणून कागद. कागदावर आवाज सरकत नाही. हे वाक्य ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

तर झालं असं. ताईच्या लग्नाला पुढच्या महिन्यात दहा वर्षं होतायत. ती सगळ्यांना घरी बोलावणार आणि नव्या टीव्हीवर लग्नाची फिल्म लावणार. पण नव्या टीव्हीला डिस्क घालायला फटच नाही, आणि जुना प्लेअर बाबांनी दुरुस्त करायला उघडला तो उघडाच आहे. मग ताईचा हुकूम निघाला, की तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतोसच, तर एकदा माणसाच्या उपयोगाचं काहीतरी कर, डिस्कवरचं सगळं काढ, एकत्र जोड आणि पेनड्राइव्हवर घालून दे. मला वाटलं, तासाभराचं काम.

मावशी, डिस्क आतून कशी असते तुला माहीत नाही. बाहेरून ती बिचारी एक गोल थाळी दिसते, पण कॉम्प्युटरमध्ये उघडली की आत तुकडे. अख्खं लग्न चिरून ठेवलेलं. सगळ्या तुकड्यांची नावं एकसारखी, फक्त शेवटचा आकडा वेगळा, आणि कापलेलंही कुठेही. भावोजी खुर्चीत बसायला वाकतात, तिथं एक तुकडा संपतो, त्यांचं बूड टेकतं ते दुसऱ्या तुकड्यात. मी पहिल्या दिवशी ते घाईघाईत जोडले. (घाई का, ते विचारू नकोस, मॅच होती.) बघतो तर आधी ताई सासरी गेली, मग तिचं लग्न लागलं, आणि शेवटी ती केस विंचरायला बसली. बाबांनी हे सगळं नीट बघितलं आणि म्हणाले, बरोबर वाटतंय. तेव्हापासून माझा बाबांवर संशय आहे.

कामाची बातमी फुटल्यावर एकेक जण माझ्या खोलीत येऊन दार लोटून घ्यायला लागला. बाबा म्हणाले, माझा नाच काढून टाक, ऑफिसची माणसं येणारेत. ताई म्हणाली, माझी ती केशरचना दिसते तेवढं सगळं उडव. (म्हणजे तिचं लग्नच उडवायचं.) भावोजी म्हणाले, मी रडलो तो भाग. मी म्हटलं, रडली ती ताई. ते म्हणाले, नीट बघ. बघितलं तर खरंच, ताई हसत गाडीत बसतेय आणि भावोजी रुमाल शोधतायत. सगळ्यांचं ऐकलं असतं तर फिल्ममध्ये उरला असता एक पंखा आणि एक अनोळखी माणूस. हा चौकड्यांच्या शर्टातला जाडसा माणूस दर तुकड्यात कोपऱ्यात बसून खातोय. ना तो आपल्याकडचा, ना त्यांच्याकडचा. मी सगळ्यांना विचारलं, कोणी ओळखत नाही. तेव्हा मी त्याचं नाव खादाडबुवा ठेवलं आणि त्याच्यावर नजर ठेवली.

या सगळ्यात लक्षात आलं की दोन डिस्कच्या डब्यात दुसरी, जेवणाची डिस्कच नाही. आता दुसरी डिस्क म्हणजे साधी गोष्ट नाही, कारण तुझा दादा मागे एकदा माझ्याशी भांडताना बोलून गेला होता, की आमच्या आईचं काय चुकलं विचारतोस, तर दुसरी डिस्क बघा म्हणजे कळेल.  नंतर मी त्याला गोडीत विचारलं, दमात विचारलं, त्याचा चार्जर लपवून विचारलं, पण तो काही फुटला नाही. ती गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हापासून कुरतडत होती. कारण मला एवढं तर आठवतं, की लग्नापर्यंत तुम्ही दोघी बहिणी फोनवर बसलात की गॅसवरचं दूध उतू जायचं, आणि लग्नाच्या डिस्क नातेवाइकांत वाटून झाल्या त्या आठवड्यापासून दूध कधी उतू गेलं नाही. आई अजून म्हणते, अक्काला काय झालं मला समजत नाही. मी कधी खोदून विचारलं, तर ओटा पुसायला घेते. आमचा ओटा घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू आहे, मावशी, आणि त्याला कारण तू आहेस.

तर डिस्क कोणी दडवली? मी एकेकाला समोर बसवून विचारलं. आई शपथेवर म्हणाली की तिनं ती कधी बघितलीच नाही, लावायची म्हटलं तेव्हा सापडली नव्हती. बाबा मात्र नुसतं 'हं' म्हणाले आणि बाल्कनीकडे बघायला लागले. मी त्यांची नजर पकडून तिकडे गेलो. बाल्कनीत सुतळीला बांधलेली एक चकचकीत डिस्क गरागरा फिरत होती. कबुतरं घाबरावीत म्हणून. ताईच्या लग्नाची जेवणावळ उन्हापावसात दहा वर्षं कबुतरं हाकलत होती, आणि मी उभा होतो तेव्हा एक कबूतर त्याच दोरीवर बसून मान वळवून तिच्यात स्वतःचं तोंड बघत होतं. बाबा म्हणाले, मला वाटलं कोरी आहे. मी म्हटलं, वर लग्नाची तारीख लिहिलीय, बाबा. ते म्हणाले, ती मागच्या बाजूला होती.

शेवटी ताईची प्रत आणली. तिची तर प्लास्टिकसकट बंदच होती. भावोजी म्हणाले, परत कशाला बघायचं, रोज चालूच आहे की. मी ती फोडली, दुसऱ्या डिस्कचे तुकडे काढले, या वेळी आकड्यांप्रमाणे जोडले, आणि जेवणाचा हॉल आला तसा कानात हेडफोन घालून बसलो. आणि मग मला दिसलं, मावशी, जे तू बघितलंस.

तू दारातून येतेस, खांद्यावर ती जांभळी शाल. आई वाढायच्या टेबलापाशी उभी. ती तुझ्याकडे बघते, तिचे ओठ हलतात, आणि आवाज येतो, 'आली बघा परत! मघाशी हाकललं तरी आली. खाण्याचा वास लागला की ही हजर. काढा हिला आधी बाहेर!' आईचाच आवाज, स्वच्छ, शेजारी उभं राहून बोलल्यासारखा.  पहिल्यांदा मला वाटलं हे कोणीतरी मुद्दाम केलंय. दुसऱ्यांदा वाटलं, या घरात असलं करू शकणारा माणूस एकच आहे, आणि तो मीच. (लग्नात मी लहान होतो, माझ्याकडे नुसती शिट्टी होती, म्हणून सुटलो.)

मग मी ते पुन्हा लावलं. पुन्हा. आणि मला वाढपी दिसला. एक वाढपी हातात ताटांची चळत घेऊन शांतपणे उभा आहे, आणि तेवढ्यात धडाड खळ्ळकन ताटं पडल्याचा आवाज येतो. पण ताटं त्याच्या हातातच! तो हलत नाही, कोणी वळून बघत नाही. त्यानंतर टेबलाखालून एक मांजरी निघते, वाढप्याच्या पायात येते, तो कोलमडतो, सगळी ताटं जमिनीवर, आणि आवाज काही नाही. चिडीचूप. लोक कानांवर हात ठेवतायत आणि हॉलमध्ये शांतता. ताटं आधी वाजली, मग पडली.

आधी वाटलं, जोडताना माझीच चूक झाली. म्हणून थेट डिस्कवरचा तो तुकडा उघडला, माझा हात न लागलेला. तिथंही तेच. मग मी आवाज पकडून हळूहळू पुढे सरकवला, ताटांचा आवाज बरोबर ताटांवर येईपर्यंत. सात-आठ सेकंद. आणि पहिल्यापासून बघितलं. मावशी, ते सगळं 'आली परत, काढा हिला बाहेर' आता बरोबर त्या मांजरीवर पडलं. आई टेबलाखाली बोट दाखवतेय, ते आधी मला दिसलंच नव्हतं. आणि तू दारातून येतेस तेव्हा आई काय म्हणते माहितीये? म्हणते, 'आली गं बाई माझी अक्का. आता मला कसली काळजी नाही.' हे वाक्य तुझ्या डिस्कवरही आहे. फक्त ते तुझ्या आधी येतं, एक माणूस गॅसचा सिलिंडर गडगडत घेऊन जातो त्याच्यावर. म्हणजे दहा वर्षं तुझ्या वाट्याचं प्रेम सिलिंडर घेऊन गेला, आणि मांजरीच्या शिव्या तू खाल्ल्यास.

हे झालं कसं, म्हणून मी त्या शूटिंगवाल्याला गाठलं. आता तो मोबाइलची कव्हरं विकतो. मला बघून तो आधी म्हणाला, मी लग्नं सोडली. (म्हणजे काढायची.) मी त्याला मोबाइलवर त्या पडलेल्या ताटांचा फोटो दाखवला तसा तो घाम पुसायला लागला. मग हळूहळू बाहेर आलं. चित्र एकाकडे होतं आणि आवाज दुसऱ्याकडे, माईक वेगळा, नंतर दोन्ही जुळवायचं. जेवणाच्या हॉलमध्ये आवाजवाल्याला भूक लागली, त्यानं माईक वाढायच्या टेबलावर चालू ठेवला आणि गेला. आईच्या बरोबर पुढ्यात! मी विचारलं, आवाजवाला कसा दिसत होता? तो म्हणाला, जाडसा, चौकड्यांचा शर्ट. मावशी, खादाडबुवा! आमच्या लग्नात घुसलेला खादाडबुवा म्हणजे खुद्द आवाजवाला! मी म्हटलं, बरं, पण जुळवताना तुला ताटं ऐकू आली नाहीत? तर तो काय म्हणतो, अहो, जेवणात आवाज कोण ऐकतं? एरवी मी जेवणावर गाणंच टाकतो, तुमच्यात तेवढं राहिलं. एक गाणं टाकायचं राहिलं, मावशी. त्यानं एखादं रडकं गाणं जरी चिकटवलं असतं ना, तर तू काल आमच्याकडे येऊन माझा कान धरला असतास.

इतकं सगळं हातात आल्यावर मी वाजतगाजत आईकडे गेलो आणि आधी बिघडलेलं, मग सुधारलेलं, दोन्ही दाखवलं. मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, शेळी. एवढंच. तिला वाटलं दोन्ही मीच बनवलंय. मी बाबांना साक्षीला बोलावलं, तर बाबा म्हणाले, पोरगं हुशार आहे, जमेल त्याला. ताई म्हणाली, माझ्या कार्यक्रमात असला चावटपणा चालणार नाही. मग अचानक आईच थांबली आणि म्हणाली, थांब, ती काळी मांजरी! तिनं दहीभांड्यात तोंड घातलं होतं! आणि तिला सगळं आठवलं. मी म्हटलं, चला, मिटलं. कसलं मिटतंय. ती एकदम लाल झाली. म्हणाली, म्हणजे अक्काला इतकी वर्षं वाटतंय मी तिला तसं बोलले? मी? आणि एकदा, एकदा तरी विचारायचं होतं मला! आणि ओटा पुसायला घेतला. तर सध्याची परिस्थिती अशी आहे, की आधी फक्त तू रुसली होतीस. आता आई पण रुसलीय. ही प्रगती आहे की नाही, मला कळत नाही.

माझी पंचाईत लक्षात घे. ताईच्या कार्यक्रमात बिघडलेली फिल्म लावली, तर सगळ्या नातेवाइकांसमोर आईच्या तोंडून ते येणार, तेही नव्या मोठ्या टीव्हीवर. सुधारलेली लावली, तर सगळे म्हणणार शेळी. तू तर पहिली म्हणशील, आईनं पोराकडून करून घेतलं. मी तुझ्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणून माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवू नकोस. तुझी डिस्क काढ. तिला माझा हात कधी लागलेला नाही, तू ती कपाटात ठेवलीयस हे दादानं सांगितलंय (चार्जर परत मिळाल्यावर). ती तुझ्याच प्लेअरमध्ये लाव. आईकडे बघू नकोस, तुझ्याकडे बघू नकोस. फक्त त्या वाढप्याच्या हातातल्या ताटांकडे बघ.

बाकी ठीक. काकांना नमस्कार. हे पत्र लिहितोय ते घरात कोणालाही माहीत नाही.

तुझा,
सगळ्यांच्या संशयातला भाचा

ता. क. बघून झाल्यावर डिस्क मला हवी. टपालानं पाठवू नकोस, टपालाचा भरवसा नाही. दादाबरोबरही नको, त्याला मी ओळखतो. स्वतः घेऊन ये.

ता. क. आमचा प्लेअर उघडाच आहे, तेव्हा तुझा प्लेअर पण आण. तो जड आहे, दादा उचलेल. कार्यक्रमात सगळ्यांसमोर तुझीच डिस्क, तुझ्याच प्लेअरवर, तुझ्याच हातानं लावायची. मग बघू कोण शेळी म्हणतं.

ता. क. आणि हो, आल्यावर आईनं ओटा पुसायला घेतला तर फडकं काढून घे. बाकी काही बोलायची गरज नाही.

अक्का, हे पत्र मी वाचलंय. कार्ट्यानं ते पाकिटात घालून चपलांच्या कपाटात लपवलं होतं, म्हणजे त्याला ते मला सापडायलाच हवं होतं. गुडघ्यांपासून कलपापर्यंत बाकी सगळं फुगवलेलं आहे, मांजरीचं तेवढं खरं आहे. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मी पण विचारलं नाही. तुला वाटेल की हे अक्षर पण त्यानंच काढलंय, काढू शकतो मेला. म्हणून खूण सांगते. मागच्या खोलीतली ती बरणी कोणी फोडली आणि मार कोणी खाल्ला, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. शाल घालून ये.

ता. क. मावशी, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. कुठली बरणी?